पोलीस आणि सामुदायिक सुरक्षेचा सल्लागार निवडताना : परिचयपत्र कसं वाचायचं

समितीची पहिलीच बैठक असते आणि टेबलावर चार-पाच परिचयपत्रं येऊन पडतात. एकात पदकांची यादी, दुसऱ्यात शोधनिबंधांची, तिसऱ्यात 'वस्तीपातळीवर प्रदीर्घ काम' एवढी एकच ओळ. आपण या क्षेत्रात नवे. साहजिकच नजर सगळ्यांत मोठ्या हुद्द्यावर जाते आणि तिथेच थांबते.

अशा समित्यांवर मी बरीच वर्षं बसते आहे. माझ्या पहिल्या समितीची निवड फसली, ती अशीच. प्रश्न होता रात्री तरुण पोरांच्या टोळक्यांत होणाऱ्या मारामाऱ्यांचा. आम्ही नेमले एक निवृत्त वरिष्ठ अधिकारी. माणूस सचोटीचा आणि कामाला वाघ, पण त्यांची उभी हयात मोर्चे आणि सभांच्या बंदोबस्तात गेलेली. सहा महिन्यांनी अहवाल आला. त्यात मनुष्यबळ, वाहनं, अडथळे, नाकेबंदीच्या जागा असं सगळं होतं. मुलांबद्दल मोजून एक परिच्छेद होता. त्यांनी त्यांना जे येत होतं ते मनापासून केलं. आम्हीच त्यांना कधी विचारलं नव्हतं की, तुम्ही आजवर नेमका कोणता प्रश्न हाताळला आहे?

तेव्हापासून परिचयपत्र वाचण्याची एक पद्धत बसवली आहे. नव्यानं समितीवर आलेल्यांसाठी ती क्रमानं लिहिते.

पहिली पायरी : नावांआधी प्रश्न लिहा

'परिसराची सुरक्षितता वाढवणे' हा प्रश्न नव्हे, ती इच्छा आहे. कागदावर असं वाक्य हवं, ज्यात जागा, वेळ, कुणाला काय इजा होते आणि सध्या कोण काय करतं, हे सगळं येईल. 'बसस्थानकामागच्या गल्लीत रात्री नऊ ते अकरा या वेळात एकट्या बायकांच्या पर्सा हिसकावल्या जातात, निम्म्याजणी तक्रार देत नाहीत.' हे वाक्य लिहून झालं की अर्धी परिचयपत्रं आपोआप बाजूला होतात.

या शिस्तीचं श्रेय मोठ्या प्रमाणात हर्मन गोल्डस्टीन यांना जातं. पोलीस यंत्रणा साधनांत गुंतते, किती गाड्या, किती माणसं, किती मिनिटांत पोचलो यात. आणि ज्या प्रश्नासाठी लोकांनी हाक मारली तो तसाच राहतो, असं त्यांनी १९७९ साली मांडलं. 'समस्याकेंद्री पोलीसकाम' ही विचारधारा तिथून सुरू झाली. गोल्डस्टीन विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या विधी विभागात प्राध्यापक होते आणि त्याआधी शिकागोच्या पोलीस प्रमुखांचे कार्यकारी सहायक. सत्तेच्या खोलीत बसून सगळं पाहिलेला आणि तरी गणवेशाबाहेरचा माणूस, ही त्यांची पार्श्वभूमी त्यांच्या विचारात उतरलेली दिसते. पुढे १९८७ मध्ये जॉन एक (Eck) आणि विल्यम स्पेलमन या संशोधकांनी त्याच वाटेनं शोध, विश्लेषण, उपाय आणि पडताळणी असा चार टप्प्यांचा क्रम बसवला. आजही बरेच सल्लागार तोच वापरतात.

दुसरी पायरी : कोणती पार्श्वभूमी काय पाहते, ते समजून घ्या

याच पायरीवर सगळ्यांत जास्त वेळ द्या. मी नव्या सदस्यांना एक कल्पना करायला सांगते. रस्त्याखालून जाणारा एक भुयारी मार्ग घ्या. दिवेलागणीनंतर लोक त्यातून जायला घाबरतात. आता तिथे एकेका जाणकाराला घेऊन उतरा.

माजी पोलीस अधिकारी पायऱ्या उतरतानाच विचारेल, पाळी किती वाजता बदलते? बीटची, म्हणजे गस्तीसाठी ठरवून दिलेल्या भागाची, हद्द कुठे संपते? हद्द बहुतेक वेळा अशाच जागी संपते आणि दोन ठाण्यांतलं कुणीच तिथे फिरकत नाही. कोणता कागद कुणाच्या टेबलावर अडतो, शिपायाला दिवसाकाठी किती ठिकाणी पळावं लागतं, कोणता आदेश फक्त वहीत राहील, हे त्यालाच ठाऊक. बाहेरच्या माणसाला हे शिकायला वर्षं लागतात. मात्र 'आणखी गस्त' हे उत्तर त्याच्या ओठांवर तयार असतं, आणि त्या उत्तराची परीक्षा फार पूर्वी झाली आहे. १९७२-७३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत पंधरा बीट तीन गटांत विभागले. पहिल्या गटात नेहमीइतकी गस्त ठेवली, दुसऱ्यात दुप्पट-तिप्पट केली, तिसऱ्यात बोलावणं आल्याशिवाय गाडी जाणार नाही असं ठरवलं. वर्षभरानं पाहिलं तर गुन्ह्यांत आणि लोकांच्या भीतीत लक्षात येण्याजोगा फरक नव्हता.

गुन्हे विश्लेषक भुयारात उतरण्याआधी नकाशा मागेल. त्याचं कारणही भक्कम आहे. गुन्हेशास्त्रज्ञ लॉरेन्स शर्मन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरातले पोलिसांना आलेले फोन पत्त्यांनुसार मांडले. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शहरातल्या साधारण ३ टक्के जागांतून निम्मे फोन येत होते. गस्त सगळीकडे सारखी पसरण्यापेक्षा मोजक्या जागांवर लक्ष द्या, हा विचार त्यातून बळावला. विश्लेषकाची मर्यादाही इथेच आहे. जे नोंदलं गेलं तेवढंच त्याच्या नकाशावर उमटतं. ज्या बाईनं तक्रारच दिली नाही, तिच्यासाठी नकाशावर ठिपका नाही.

ती बाई सापडते डॉक्टरला. ब्रिटनमधल्या कार्डिफ इथले जोनाथन शेफर्ड हे जबडा आणि चेहऱ्याचे शल्यविशारद. मारहाणीत चेहरा फुटलेल्या माणसांवर उपचार करताना त्यांच्या लक्षात आलं की, यातल्या कितीतरी घटना पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत. मग रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर रुग्णाला मोजके प्रश्न विचारायचे ठरलं : मारहाण कुठे झाली, कधी झाली, हत्यार काय होतं. नावं काढून ही माहिती पोलीस आणि नगरपालिकेला दिली जाऊ लागली. 'कार्डिफ प्रारूप' म्हणून ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. दारूच्या गुत्त्यांमधल्या फुटक्या ग्लासांनी होणाऱ्या जखमांचा अभ्यासही शेफर्ड यांनी केला. सुरक्षेचा तज्ज्ञ म्हणून आपण ज्याला स्वप्नातही बोलावलं नसतं, त्या माणसानं सुरक्षेचं एवढं काम केलं. परिचयपत्रात वैद्यकीय पदवी दिसली की 'याचा इथे काय संबंध' असं म्हणून ती चळत बाजूला सारू नका.

साथरोगतज्ज्ञही याच जातकुळीतले. क्षयरोग, कॉलरा आणि एड्सच्या साथींवर काम करून अमेरिकेत परतलेले गॅरी स्लटकिन यांना शिकागोतल्या गोळीबारांचा नकाशा साथीच्या नकाशासारखा दिसला. २००० मध्ये त्यांनी तिथल्या एका भागात काम सुरू केलं. त्याच गल्लीतली, लोक ज्यांचं ऐकतात अशी माणसं नेमायची आणि सूड उगवला जाण्याआधी त्यांना मध्ये उभं करायचं, असा तो उपक्रम होता.

वास्तुविशारद भुयाराच्या मधोमध उभा राहून दोन्ही टोकांकडे पाहील. वळणापलीकडचं दिसतं का? एकदा आत शिरलं की बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? ऑस्कर न्यूमन या वास्तुविशारदानं १९७२ मध्ये, आणि त्याच्या वर्षभर आधी रे जेफरी या गुन्हेशास्त्रज्ञानं, इमारती आणि रस्त्यांच्या रचनेचा गुन्ह्याशी असलेला संबंध मांडला. दिव्यांबद्दल एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. रस्त्यावरचे दिवे सुधारल्यानंतर काही ठिकाणी दिवसाचे गुन्हेही कमी झालेले आढळले. म्हणजे काम फक्त उजेडानं केलं नव्हतं. या जागेकडे कुणाचं तरी लक्ष आहे, हे लोकांना कळलं, त्याचाही त्यात वाटा असणार.

मानसशास्त्राची किंवा कायद्याची पार्श्वभूमी असलेला सल्लागार वेगळंच विचारेल. इथे झडती कुणाची घेतली जाते आणि घेताना त्याच्याशी कसं बोललं जातं? टॉम टायलर या मानसशास्त्रज्ञाच्या १९९० च्या संशोधनाचा गाभा असा की, लोक कायदा पाळतात ते फक्त शिक्षेच्या धाकानं नाही. आपल्याशी न्यायानं वागलं गेलं, आपलं म्हणणं ऐकून घेतलं, हा अनुभव त्यात फार मोठा असतो. ज्या वस्तीत पोलीस आणि रहिवासी यांच्यातून विस्तव जात नाही, तिथे हा प्रश्न सर्वांत आधी घ्यावा लागतो.

आणि शेवटी वस्तीतला कार्यकर्ता. त्याला नकाशा लागत नाही. भुयाराच्या तोंडाशी बसणाऱ्या मुलांची त्याला नावं माहीत असतात, कोणाची आई आजारी आहे, कोण शाळेतून कधी गळला, हेही माहीत असतं.

तिसरी पायरी : ओळ न् ओळ उलगडून वाचा

आता परिचयपत्र हातात घ्या. एक वाक्य नमुन्यादाखल पाहू : 'पोलीस सेवेत २८ वर्षं, सामुदायिक पोलीसकामाच्या अनेक यशस्वी उपक्रमांचे नेतृत्व.'

पेन्सिल घ्या आणि '२८ वर्षं' याखाली रेघ मारा. त्यातली किती वर्षं ठाण्यात गेली, किती मुख्यालयात, किती वाहतुकीत, किती गुन्हे शाखेत? आपल्या प्रश्नाच्या जवळचं काम सलग किती वर्षं केलं? मी तर सलग तीन वर्षांना सुट्या दहा वर्षांपेक्षा जास्त वजन देते. मग 'अनेक'वर रेघ. कोणते? दोनच सांगा, पण नीट सांगा. 'यशस्वी'वर रेघ. कशाच्या तुलनेत? आधी किती होतं, नंतर किती झालं, आणि तेवढ्याच काळात शेजारच्या भागात काय झालं? 'नेतृत्व' या शब्दावर तर दोन रेघा मारा. योजना आखली, की मंजूर केली, की उद्घाटनाला हजर होते? शेवटी कागदावर नसलेला प्रश्न बाजूला लिहा : यांची बदली झाल्यावर तो उपक्रम किती दिवस टिकला?

संशोधकाच्या परिचयपत्रात निबंधांची संख्या पाहून दबून जाऊ नका. त्यानं मूल्यमापन स्वतः केलं आहे का आणि त्यात तुलनेसाठी वेगळा गट होता का, एवढं आधी विचारा. प्रत्यक्ष ठाण्यात, गस्तीच्या गाडीत त्यानं किती रात्री काढल्या, तेही विचारा. चांगले संशोधक हे अभिमानानं सांगतात.

'४० तासांचं प्रशिक्षण दिलं' अशी ओळ प्रशिक्षकांच्या कागदावर हमखास असते. ४० तासांचा आकडा अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या १९८८ च्या प्रयोगामुळे रूढ झाला. तिथे मानसिक आजारानं त्रस्त माणसाला सामोरं जाण्यासाठी निवडक पोलिसांना खास प्रशिक्षण दिलं गेलं. नक्कल करणारे एक गोष्ट सोडून देतात. मेम्फिसमध्ये नुसता वर्ग भरवला नव्हता. पोलिसांनी आणलेल्या रुग्णाला परत न पाठवणारं उपचारकेंद्रही जोडलेलं होतं. वर्गात शिकलेल्या शिपायानं त्या माणसाला पुढे न्यायचं कुठे, याचं उत्तर ज्याच्याकडे आहे तो प्रशिक्षक घ्या.

वस्तीतल्या कार्यकर्त्याचा कागद पातळ असतो. पदवी नसेल, भाषा साधी असेल, मधल्या काही वर्षांचा हिशेब लागणार नाही. कधी तुरुंगवासही असेल. हिंसा थांबवण्याच्या कामात अशीच माणसं उपयोगी पडल्याचा अनुभव अनेक शहरांत आहे, म्हणून त्या कारणावरून कागद बाजूला ठेवू नका. पण डोळे झाकूनही घेऊ नका. आज त्याच्या कामावर देखरेख कोण ठेवतं, त्याच्यासाठी शब्द कोण टाकतं आणि वस्तीतल्या बायका त्याच्याबद्दल काय म्हणतात, हे विचारा. शेवटचा प्रश्न मी कधीच गाळत नाही.

चौथी पायरी : अपयशाबद्दल बोलतं करा

या क्षेत्रात सद्हेतूनं केलेल्या कामानं नुकसान झाल्याची उदाहरणं आहेत, आणि ती माहीत असणं ही माझ्या लेखी तज्ज्ञतेची पहिली खूण आहे. बॉस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल भागांत १९३९ पासून काही वर्षं शेकडो मुलांना समुपदेशन, शिकवणी, उन्हाळी शिबिरं असं सगळं दिलं गेलं. तेवढ्याच मुलांचा दुसरा गट तुलनेसाठी ठेवला होता. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड या संशोधक बाईंनी दोन्ही गटांतल्या माणसांचा माग काढला. मदत मिळालेल्या गटाचं काही बाबतीत अधिक वाईट झालं होतं. मदत मिळालेले बरेचजण म्हणत होते की, आम्हाला फायदा झाला! मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून घाबरवण्याच्या कार्यक्रमांचंही तसंच. अनेक प्रयोग एकत्र तपासल्यावर दिसलं की, अशा भेटींनंतर मुलांचे गुन्हे कमी होण्याऐवजी वाढतात.

म्हणून उमेदवाराला विचारा, 'तुमचा कोणता उपक्रम चालला नाही, आणि ते तुम्हाला कसं कळलं?' दुसरा अर्धा प्रश्न महत्त्वाचा. 'कसं कळलं' याचं उत्तर ज्याच्याकडे आहे, त्यानं मोजलेलं असतं.

पाचवी पायरी : हितसंबंध आणि पूर्वेतिहास

हे थोडक्यात, पण चुकवू नका. उमेदवार कॅमेरे, सॉफ्टवेअर किंवा रखवालदार पुरवणाऱ्या कंपनीशी जोडलेला आहे का, हे लेखी घ्या. कॅमेऱ्यांचा उपयोग वाहनतळांवर सर्वाधिक दिसून आला आहे; सगळ्याच जागी तितका नाही. जो प्रत्येक प्रश्नावर कॅमेराच सुचवतो, त्याचे पैसे कुठून येतात ते पाहा. ज्या दलाचं परीक्षण करायचं त्याच दलातून तो निवृत्त झाला असेल, तर तसं उघड लिहा. माजी अधिकाऱ्याविरुद्ध न्यायालयाचे ताशेरे किंवा सिद्ध झालेल्या तक्रारी आहेत का, हे सार्वजनिक नोंदींतून तपासा. कार्यकर्त्याची एवढी चौकशी करायची आणि अधिकाऱ्याला मात्र हुद्द्यामुळे सोडून द्यायचं, हे बरोबर नाही.

सहावी पायरी : एकटा माणूस नेमू नका

आतापर्यंत लक्षात आलं असेल की भुयारात उतरलेल्या कुणालाच सगळं दिसलं नाही. म्हणून जोडी नेमा. जमलं तर तिघं.

स्कॉटलंडमध्ये स्ट्रॅथक्लाइड पोलिसांनी २००५ मध्ये हिंसा कमी करण्यासाठी स्वतंत्र पथक उभं केलं. त्याच्या मुळाशी दोघं होते : खुनांचा तपास करण्यात आयुष्य घालवलेले जॉन कारनोकन, आणि परिचारिका म्हणून सुरुवात करून मानसशास्त्र शिकलेल्या, पुढे पोलीस दलात माहिती-विश्लेषण सांभाळणाऱ्या कॅरिन मॅकक्लस्की. एकाला खून झाल्यानंतरचं सगळं माहीत, दुसरीला त्याआधीचं विचारायची सवय.

मोठ्या पातळीवरचं उदाहरण उत्तर आयर्लंडचं. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातल्या दशकानुदशकांच्या संघर्षानंतर तिथल्या पोलीस दलाची फेरउभारणी कशी करायची, हे ठरवणारा आयोग ब्रिटिश राजकारणी ख्रिस पॅटन यांच्या अध्यक्षतेखाली नेमला होता. त्याच्या आठ सदस्यांत लंडनच्या पोलीस दलातले निवृत्त वरिष्ठ अधिकारी होते, अमेरिकेतल्या पोलीस अधिकारी कॅथलीन ओटूल होत्या, गुन्हेशास्त्रज्ञ क्लिफर्ड शिअरिंग होते, लोकांच्या तक्रारी तपासण्याचा अनुभव असलेले प्रशासक मॉरिस हेज होते. शिवाय एक वकील, फौजदारी न्यायाचं शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयाचे प्रमुख आणि उद्योगक्षेत्रातल्या एक बाई. १९९९ मध्ये त्यांनी १७५ शिफारशी दिल्या आणि २००१ मध्ये नवं दल अस्तित्वात आलं. एका पठडीतल्या आठ माणसांच्या अहवालावर दोन्ही बाजूंनी विश्वास ठेवला असता, असं मला वाटत नाही.

तुमच्याकडे पैसे कमी असतील तर मुख्य सल्लागार एक घ्या, आणि ज्या बाजूचं त्याला दिसत नाही त्या बाजूच्या माणसाला चार-सहा दिवसांच्या मानधनावर बोलवा. एवढं तर कुठलीही समिती करू शकते.

सातवी पायरी : मुलाखत खोलीबाहेर घ्या

खोलीत सगळे छान बोलतात. शेवटच्या दोन उमेदवारांना त्या जागी न्या, आणि त्या वाईट वेळेलाच न्या. दुपारी नेऊन काही कळत नाही. तिथे तुम्ही बोलू नका, त्यांच्याकडे पाहा. मला एक उमेदवार आठवतात. ते बोळात शिरले आणि पहिली पाच मिनिटं कुणाशी काही बोललेच नाहीत. मग कोपऱ्यावर दुकान बंद करत असलेल्या बाईंना शटर ओढायला हात लावला आणि विचारलं, 'मावशी, रोज याच वेळेला बंद करता का? पूर्वी किती वाजता करायचात?' पूर्वी त्या दोन तास उशिरा बंद करायच्या. कधीपासून बदललं आणि का, हे त्यांनी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं, आणि आमच्या समितीला वर्षभर न मिळालेली माहिती मिळाली. दुसऱ्या उमेदवारांनी त्याच बोळाचे फोटो काढले आणि दिव्यांचे खांब मोजले. तेही कामाचं होतं. नेमणूक आम्ही दोघांचीही केली.

आठवी पायरी : करार आणि संदर्भासाठीचे फोन

करारात तीन गोष्टी आग्रहानं घाला : अहवाल लोकांसाठी खुला राहील, गोळा केलेली माहिती व्यक्तींची ओळख काढून तुमच्याकडे राहील, आणि काम संपल्यावर सहा महिन्यांनी व वर्षानं पडताळणी होईल. पडताळणीचे पैसे आधीच बाजूला ठेवा, नाहीतर ती कधीच होत नाही.

सही करण्याआधी संदर्भ म्हणून दिलेल्या नावांना फोन करा. उमेदवार वरिष्ठांची नावं देतो. त्यांच्याशी बोला, पण त्याच ठिकाणी त्याच्या हाताखाली काम केलेल्या एखाद्या शिपायाचा किंवा कार्यकर्त्याचा नंबर मागून घ्या. त्याला विचारा की, साहेबांनी सुरू केलेली बैठक, समजा दर गुरुवारची, ते गेल्यानंतर अजून होते का, वही कोण लिहितं, गेल्या महिन्यात किती जण आले होते. फोन उचलणाऱ्याला बैठकीचा वार आठवत नसेल, तर तेही समितीच्या टिपणात लिहून ठेवा.